मुकादमाचा होकार म्हणजे संमती नव्हे

एखाद्या विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनीला ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास करावयाचा आहे, असे समजू. प्रश्नावली घेऊन फडावर जाण्यापूर्वी तिला आपला आराखडा संस्थेच्या नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. माहिती गोळा झाल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. वैद्यक, कायदा व समाजशास्त्र यांच्या जाणकारांबरोबर एक सामान्य नागरिकही तेथे बसतो. माझ्या मते सर्वांत अवघड काम त्याचेच, कारण सहभागी होणाऱ्यांना अभ्यास समजावून सांगणारे माहितीपत्रक वाचून ‘हे मला कळले नाही’ असे तज्ज्ञांसमोर त्याला म्हणावे लागते.

अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना आजाराचे खरे नाव न सांगता, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचारांविना ठेवून, केवळ न्याहाळण्यात आले. तेव्हापासून संमतीचा प्रश्न अशा समित्यांच्या परीक्षणाच्या केंद्रस्थानी आहे.

आपल्या उदाहरणात तो अधिकच गुंतागुंतीचा होतो. ऊसतोडीच्या टोळीपर्यंत पोहोचायचे तर ती कामावर आणणाऱ्या मुकादमाला विचारावे लागेल, परंतु त्याने हो म्हटल्याने टोळीतील बाईने हो म्हटले असे होत नाही. हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत तिचे कुटुंब त्याला बांधलेले असते. तो शेजारी उभा असताना तिने मान डोलावली, तर ती संमती कशी मानावी? तिला वाचता येत नसेल, तर माहितीपत्रक निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घेण्याची तरतूद आहे. मात्र उचलीच्या कागदावर अंगठा उठवलेल्या बाईला आणखी एका कागदाची धास्ती वाटणारच, म्हणून समितीच्या मंजुरीने तोंडी संमतीचा मार्गही ठेवलेला आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते. पण रक्कम इतकी मोठी नको की तिला नाही म्हणणेच जड जावे. अहवालात नाव वगळले तरी गाव, कारखाना आणि वय एकत्र छापले, तर तिच्या टोळीतले कोणीही तिला ओळखेल.

एवढे सारे नीट लिहिले, तरी समिती आणखी एक गोष्ट विचारू शकते: मुलाखत चालू असताना एखाद्या बाईने ‘मग आता दाखवू कुठं?’ असे विचारले, तर तिला कोणत्या दवाखान्यात पाठवायचे हे आराखड्यात कोठे लिहिले आहे?