पुण्याची माणसं मोजायची कशी?

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २००१ साली साधारण २५ लाख लोक होते, २०११ साली ३१ लाख. त्यानंतरचा कुठलाही आकडा हा अंदाजच, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. वाघोली त्यांतलीच, मागच्या जनगणनेच्या वेळी तिथे ग्रामपंचायत होती.

अंदाज बांधायची रीत सोपी वाटते. जुन्या आकड्यात जन्म आणि बाहेरून आलेले मिळवायचे, मृत्यू आणि गेलेले वजा करायचे. पण पुण्यात पहिल्याच पायरीवर घोळ होतो. जन्माची नोंद आई राहते तिथे होत नाही, बाळ जन्मतं तिथे होते. मुळशीची बाई ससूनमध्ये बाळंत झाली की बाळ शहराच्या दप्तरी चढतं आणि आठवड्याभरात गावी जातं. उलट कात्रजला भाड्याने राहणारी सून पहिल्या बाळंतपणाला लातूरला माहेरी जाते. नोंद लातूरची, लसीकरण, पुढे अंगणवाडी मात्र पुण्यात. फॉर्मवर आईचा राहता पत्ता असतो, त्यावरून आकडे वळते करता येतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांची तर अशी नोंदवहीच नाही. बांधकामावरचं कुटुंब इमारत उभी राहिली की पुढच्या साइटवर जातं, आणि मुलाच्या लसीचं कार्ड अर्धवट राहतं.

डोकी बरोबर मोजली तरी वय उरतंच. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं होतात. पिढीची जागा पिढीने भरायला साधारण २.१ लागतात. तरीही लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण मूल होण्याच्या वयातल्या बायका अजून पुष्कळ आहेत. वाढतं ते म्हाताऱ्यांचं प्रमाण. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात, म्हणून ऐंशीच्या पुढे एकट्या राहणाऱ्यांत विधवा जास्त. पेठेतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना रेशन दुकान आणि दवाखाना, दोन्ही लांब पडतात.

सेवांचे निकष मात्र डोक्यांवर ठरतात: ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी, ५० हजारांना एक शहरी आरोग्य केंद्र. सदाशिव पेठेतले ५० हजार आणि आंबेगावातले ५० हजार यांच्या गरजा एक नाहीत. एकीकडे घरी येणारी नर्स हवी, दुसरीकडे पाळणाघर. निकषात प्रत्येक प्रभागाचं वयोमान यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचंही तेच. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५०. चार घरची पोळ्या-भाजी करणारी सत्तरीची बाई या अटीत बसत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे वयवार, प्रभागवार तक्ते हाती आले की आधी ही अट तपासावी.