टार्सिअर : वर्गीकरण

टार्सिअर हा नरवानर गणातील निशाचर आणि पूर्णपणे मांसाहारी प्राणी. सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसी, दक्षिण फिलिपिन्स आणि लगतची लहान बेटे एवढाच त्याचा आजचा प्रदेश. बहुतेक जातींचे वजन 100 ते 150 ग्रॅम भरते.

त्याच्या स्थानाचे घोंगडे बराच काळ भिजत पडले होते. लहान चण, रात्रीचा वावर आणि मागच्या पायाच्या दोन बोटांवरची केस विंचरण्याची नखे पाहून त्याला लेमूर-लोरिसच्या गटात टाकत. 1918 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी नाकावरून वेगळी मांडणी केली. लेमूर-लोरिसचे नाक कुत्र्यासारखे ओलसर असते, टार्सिअरचे कोरडे. शिवाय वारेची रचना माकडांसारखी, आणि क जीवनसत्त्व शरीरात तयार होत नाही. म्हणून वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांभोवती दिसणारा काळतोंड्या वानर आणि टार्सिअर एका उपगणात बसतात. दक्षिण भारतातला लोरिस दुसऱ्यात.

मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याची गफलत डोळ्यांपाशी होते. मोठे डोळे दिसले की तो टार्सिअर लोरिसशेजारी मांडतो. खरे तर ते डोळे उलट साक्ष देतात. लोरिसच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, बॅटरीच्या झोतात तो चकाकतो. टार्सिअरला हा पडदा नाही. अंधारात भागवायचे म्हणून डोळाच मेंदूएवढा वाढला.

कुल एकच, टार्सिइडी. 2010 मध्ये ग्रोव्ह्स व शेकेल या अभ्यासकांनी त्याच्या तीन प्रजाती (जातींच्या वरची पायरी) केल्या: सुलावेसीची टार्सिअस, बोर्निओ-सुमात्राची सेफॅलोपॅकस, फिलिपिन्सची कार्लिटो. शेपटी पाहिली तरी बरेच काम होते. टार्सिअसच्या शेपटीवर खवले आणि टोकाला दाट झुपका; कार्लिटोची शेपटी जवळजवळ उघडी. गुणसूत्रेही बोलकी आहेत: कार्लिटो व सेफॅलोपॅकसमध्ये 80, सुलावेसीत तपासलेल्यांत 46.

खरा गुंता सुलावेसीत आहे. तिथल्या जाती दिसायला इतक्या सारख्या की पेंढा भरलेल्या नमुन्यावरून निवाडा करणे धोक्याचे. कातडीचा रंग उडतो आणि जुन्या चिठ्ठीवर अनेकदा नेमके ठिकाणच नसते. नर-मादी पहाटे जोडीने गातात, त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आणि जनुकीय चाचणी यांवर भिस्त ठेवावी लागते. याच मार्गाने 2017 मध्ये उत्तर सुलावेसीतून दोन आणि 2019 मध्ये टोगियन बेटांवरून टार्सिअस निमिट्झी ही जाती वेगळी झाली. त्यामुळे उत्तर सुलावेसीतल्या तांगकोको अरण्यातली ‘टार्सिअस स्पेक्ट्रम’ नावाची जुनी निरीक्षणे आता 2017 च्या दोनपैकी टार्सिअस स्पेक्ट्रमगुर्स्कीए या जातीची समजावीत.