गाडीची दुसरी चावी इतकी महाग का पडते?

म्हापशाच्या बाजारात रस्त्याकडेला बसणारा चावीवाला घराच्या कुलपाची डुप्लिकेट चावी दहा मिनिटांत घासून देतो, तीही शे-दीडशे रुपयांत. मोटारीची चावी नेली तर तीही तो तशीच कापून देईल. ती लावली की दार उघडतं, चावी इग्निशनमध्ये फिरते, स्टार्टरही गरगरतो. इंजिन मात्र चालू होत नाही, किंवा क्षणभर चालू होऊन बंद पडतं, आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं बारकं चित्र लुकलुकत राहतं. मग शोरूममध्ये चौकशी करावी तर साध्या गाडीला काही हजार रुपये सांगतात, बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीला कित्येकदा पाच आकडी रक्कम. हा फरक कशामुळे पडतो ते कळलं की त्यातला बराच खर्च टाळता येतो. गोव्यात तर ते कळायलाच हवं. चार महिन्यांचा पाऊस, किनाऱ्यावरची वाळू, खारी हवा आणि खिशात चावी घेऊन पाण्यात उतरणारी माणसं, यांमुळे चाव्या बिघडण्याला आणि हरवण्याला इथे निमित्तांची कमी नाही.

दिसायला चावी एकच असते, पण आजच्या बहुतेक चाव्यांमध्ये परस्परांशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात: धातूचं पातं, एक चिप आणि रिमोट. तिघांचं काम वेगळं, बिघाड वेगळे आणि खर्चही वेगळा.

पातं हा त्यातला सर्वांत जुना भाग. मोटारीच्या कुलपात पितळेच्या पातळ चकत्या एकामागोमाग बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला स्प्रिंगचा रेटा असतो. पात्यावरच्या खाचा योग्य मापाच्या असल्या की सगळ्या चकत्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरतं. समजा कुलपात आठ चकत्या आहेत आणि प्रत्येक खाचेच्या खोलीचे चार टप्पे आहेत. मग एकूण जुळण्या होतात 65,536. त्यातल्याही बऱ्याच जुळण्या कंपन्या वापरत नाहीत, कारण सगळ्या खाचा जवळजवळ सारख्या असलेलं कुलूप कुणीही सहज उघडेल. लाखांनी गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा आकडा तोकडा पडतो. नुसत्या पात्याच्या भरवशावर गाडी सोडणं परवडणारं नव्हतं, ते यामुळे.

नक्कल करण्याचं यंत्र एकदा जवळून पाहा. दोन शिकंजे शेजारीशेजारी असतात. एकात जुनी चावी, दुसऱ्यात कोरी. जुन्या चावीच्या खाचांवरून एक बोथट टोक सरकत जातं आणि त्याच मापाने पलीकडचं कटर कोऱ्या चावीत वाट कापतं. यंत्र जे पाहील तेच कापणार. दहा वर्षं वापरून झिजलेली चावी दिली तर नव्या चावीत झीजसुद्धा उतरते, आणि त्या नकलेची पुन्हा नक्कल केली तर चूक वाढत जाते. खाचेच्या दोन टप्प्यांत फरक असतो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे अशी चावी लवकरच अडकू लागते. अनेक गाड्यांबरोबर चावीचा क्रमांक कोरलेला धातूचा छोटा बिल्ला मिळतो. त्या क्रमांकावरून खाचांची मूळ मापं काढता येतात आणि कारखान्यातून आल्यासारखी चावी कापून मिळते. हा बिल्ला गाडीच्या कप्प्यात ठेवू नका, घरी कागदपत्रांबरोबर ठेवा.

इंजिन चालू होणं न होणं ज्यावर अवलंबून असतं, तो दुसरा भाग म्हणजे चिप. जुन्या चावीचं प्लास्टिकचं कवच उघडलं की अनेकदा रिमोटच्या सर्किटपासून अलग, कोपऱ्यातल्या खाचेत बसवलेला सेंटिमीटरभर लांबीचा एक काळा तुकडा दिसतो. काही चाव्यांमध्ये तो काचेच्या बारीक नळीत असतो आणि काचेतून आतल्या गाभ्यावर गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार दिसते. त्याला ना सेल, ना जोडलेली वायर. कवच मोडलं म्हणून लोक बाजारातून नवं आणतात, पातं आणि रिमोटचं सर्किट त्यात बसवतात आणि जुनं कवच फेकून देतात. त्याच्याबरोबर तो काळा तुकडाही जातो आणि गाडी चालू होईनाशी होते. कवच बदलताना हा तुकडा आधी शोधा. काही मॉडेलमध्ये तो सर्किटवरच बसवलेला असतो, तिथे ही भीती नाही.

सेल नसताना चिप चालते ती विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर, म्हणजे मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वावर. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यातून साधारणपणे सेकंदाला सव्वा लाख आवर्तनं करणारा, म्हणजे 125 किलोहर्ट्झ वारंवारतेचा, पुढेमागे दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि भोवती तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चिपमधल्या तारेत त्यामुळे वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन उत्तर देते. मोबाइलचा वायरलेस चार्जर याच तत्त्वावर चालतो. या वारंवारतेच्या लहरीची लांबी 2.4 किलोमीटर भरते. चावी त्या मानाने वेटोळ्याला अगदीच चिकटलेली असते, म्हणून इथे रेडिओसारखं प्रक्षेपण होत नाही, फक्त जवळचं चुंबकीय क्षेत्र कामाला येतं. ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठपट क्षीण होतं, म्हणून ही देवाणघेवाण काही सेंटिमीटरांतच संपते. दोन गाड्यांच्या चाव्या एकाच कडीत अडकवल्या तर कधीकधी दोन्ही चिपा एकदम बोलू लागतात आणि गाडी कुणाचंच ऐकत नाही. गाडी अधूनमधून चालू होत नसेल तर मेकॅनिककडे जाण्याआधी चावी कडीतून सोडवून एकटी वापरून पाहा.

सुरुवातीच्या चिपा फक्त एक ठरावीक क्रमांक सांगायच्या. तो एकदा ऐकला की नक्कल करणं सोपं होतं. पुढच्या पिढीत पद्धत बदलली. आता गाडी दर वेळी एक नवी, कुठूनही उचललेली संख्या पाठवते. चिप तिच्यावर आपल्या पोटातल्या गुप्त अंकांनी गणित करते आणि फक्त उत्तर परत पाठवते. गाडीच्या संगणकाकडेही तेच गुप्त अंक असतात, तोही तेच गणित करून उत्तर ताडून पाहतो. जुळलं तरच इंधन आणि ठिणगी सुरू राहते. गुप्त अंक हवेतून कधीच जात नाहीत, त्यामुळे नुसतं ऐकून काही हाती लागत नाही. या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. जर्मनीतल्या विमा कंपन्यांनी 1995 पासून नव्या मोटारींसाठी तिचा आग्रह धरला, 1998 पासून युरोपीय संघाने ती सक्तीची केली. दोन डच अर्थतज्ज्ञांनी 1995 ते 2008 या काळातल्या नेदरलँड्समधल्या गाडीचोऱ्या तपासल्या, तेव्हा या यंत्रणेमुळे चोऱ्या सरासरी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला. एवढ्याशा चिपेचं हे काम मला फार मोठं वाटतं.

पण गुप्त अंक लहान असले तर तेही फुटतात. एका फार खपलेल्या चिपेत गुप्त संख्या 40 बिटांची, म्हणजे 0 किंवा 1 अशा 40 अंकांची होती; तिच्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता. 2005 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी चिपेच्या उत्तरांवरून आणि समांतर चालणाऱ्या सर्किटांच्या साहाय्याने ती संख्या शोधून काढली. 2012 मध्ये दुसऱ्या एका लोकप्रिय, 48 बिटांच्या चिपेचं गुपित काही मिनिटांत काढून दाखवण्यात आलं. नव्या चिपांमध्ये 128 बिटांची संख्या वापरतात, तिथे अशी शोधाशोध चालत नाही.

आपल्या खिशाशी याचा थेट संबंध आहे. ज्या चिपांचं गणित फुटलं, त्यांची नक्कल करणारी यंत्रं आता चावीवाल्यांच्या दुकानात आली आहेत. चावीवाला तुमची चालू चावी आणि गाडी यांच्यातला संवाद टिपतो, यंत्र गुप्त अंक काढतं आणि ते कोऱ्या चिपेत भरतं. शोरूमपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. मात्र गाडीच्या लेखी ही वेगळी चावी नसतेच, मूळ चावीच दोन ठिकाणी असते. उद्या मूळ चावी हरवली आणि तिची नोंद गाडीतून काढायची वेळ आली, तर नक्कलही तिच्याबरोबर बाद होते. दुसरा मार्ग नोंदणीचा, ज्याला दुकानात कोडिंग किंवा प्रोग्रॅमिंग म्हणतात. डॅशबोर्डखाली 16 पिनांचं सॉकेट असतं. त्याला यंत्र जोडून नव्या चिपेची गाडीच्या संगणकात स्वतंत्र नोंद करतात. थोडे जास्त पैसे गेले तरी शक्य असेल तिथे मी नोंदणीच करून घ्यायला सांगेन.

चालू चावी हातात असताना हे काम सोपं असतं, कारण गाडीचा विश्वास मिळवायला एक ओळखीची चावी हजर असते. काही मॉडेलमध्ये दोन नोंदलेल्या चाव्या असल्या तर मालक घरच्या घरी तिसरी जोडू शकतो. शेवटची चावी गेली की सगळंच बदलतं. गाडी टोइंग करून न्यावी लागते, कंपनीकडून सुरक्षा कोड मागवावा लागतो, काही गाड्यांमध्ये संगणकाची पेटी उघडून माहिती वाचावी लागते, कधी कुलपांचा संपूर्ण संचच बदलावा लागतो. त्यात आरसी, ओळखपत्र आणि पोलिसांत हरवल्याची नोंद अशी कागदपत्रं लागतात आणि चावी मागवण्यात दिवस जातात ते वेगळेच. दुसरी चावी करून घ्यायची ती पहिली शाबूत असतानाच. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ चाव्या मागतात. एक चावी आधीच हरवलेली असेल तर ती कधी, कुठे हरवली याची पोलिसांतली नोंद तेव्हा उपयोगी पडते.

तिसरा भाग रिमोट. हा मात्र खराखुरा रेडिओ, आपल्याकडे बहुधा 433 मेगाहर्ट्झवर चालणारा, आणि त्याला 3 व्होल्टचा नाण्यासारखा सेल लागतो. बटण दाबलं की दर वेळी पुढचा कोड जातो, जुना कोड गाडी पुन्हा स्वीकारत नाही. लहान मुलाने घरात बसून बटण खूप वेळा दाबलं तर रिमोट गाडीच्या फार पुढे निघून जातो आणि दोघांची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. रिमोट खराब झाला असं समजून नवा घेण्याआधी सेल बदला आणि ही जुळणी तपासा.

समुद्राच्या पाण्यात पडलेल्या चावीबद्दल किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: नुकसान पाण्यापेक्षा मीठ आणि वीज मिळून जास्त करतात. खाऱ्या पाण्यातून प्रवाह सहज वाहतो आणि सेल जागेवर असेल तर सर्किटवरच्या तांब्याच्या रेषा काही तासांत हिरव्या पडून खाल्ल्या जातात. ताबडतोब सेल काढा. मग सर्किट गोड्या पाण्याने धुवा, मिळालं तर शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल बसवू नका. नुसतं उन्हात वाळवलं तर मीठ आतच राहतं आणि गोव्याच्या दमट हवेत ते पुन्हा ओलं होतं. स्वतंत्र चिप बहुधा काचेत किंवा इपॉक्सीत सीलबंद असल्यामुळे वाचते, म्हणून रिमोट मेला तरी पात्याने दार उघडून गाडी चालू करता येते. बटणाच्या गाडीतही सेल संपलेली चावी स्टार्ट बटणाला, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेला, टेकवली की गाडी ती ओळखते. तिथेही सेलविना चालणारी चिपच उत्तर देते.

हे सगळं पाहिलं की स्वस्त पर्याय कोणता ते कळतं. अडीनडीला लागणाऱ्या चावीला रिमोट नकोच. ज्या गाडीत चावी फिरवून इंजिन चालू होतं, तिच्यासाठी पातं आणि चिप एवढीच चावी पुरते, आणि रिमोट वगळला की किमतीतला मोठा भाग गळतो. नुसतं पातं तर आणखी स्वस्त. चावी आत राहून दार लागलं तर अनेक गाड्यांत तेवढ्याने काम भागतं. जुना रिमोट कमी पैशांत मिळतो म्हणून घेण्याआधी मात्र विचारा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये एका गाडीशी जोडलेला रिमोट दुसरीला जोडताच येत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी, विशेषतः ती पूर्वी भाड्याने फिरत होती असं कळलं तर, दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून गाडीत किती चाव्यांची नोंद आहे ते वाचायला सांगावं. अनेक मॉडेलमध्ये हा आकडा दिसतो. हातातल्या चाव्यांपेक्षा तो मोठा निघाला तर बाकीच्या नोंदी पुसून घ्याव्यात. पुसलेली चावी दार उघडू शकेल, इंजिन चालू करू शकणार नाही.

नवी चावी ताब्यात घेताना जुनी गाडीपासून लांब, दुकानाच्या आत ठेवायला द्या. बटणाच्या गाडीत हे फार महत्त्वाचं, नाहीतर गाडी जुन्या चावीलाच उत्तर देईल आणि नवी चालते असा समज होईल. नव्या चावीने दार, डिकी उघडून पाहा, इंजिन चालू करून मिनिटभर चालू ठेवा, बंद करून पुन्हा चालू करा. मग जुन्या चावीनेही तेच करा, कारण नवी नोंदताना जुनीची नोंद चुकून पुसली जाऊ शकते. दोन्ही चालल्या की मगच पैसे द्या.