आपल्या अमेरिकन रिसीव्हरचा ट्यूनर एवढा भारी का?

(दुरुस्त केलेल्या सेटसोबत ग्राहकांना दिले जाणारे माहितीपत्रक)

काका किंवा मावशी अमेरिकेहून परतताना घेऊन आलेला सत्तरच्या दशकातला रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) आमच्याकडे दुरुस्तीला आला, की गिऱ्हाईक हमखास विचारते: यात अर्धी जागा रेडिओनेच, म्हणजे ट्यूनरनेच, का व्यापली आहे? लांबलचक डायल, बोटाने ढकलली तरी फिरत राहणारी वजनदार खुंटी, दोन-दोन मीटर, लाल दिवा. साध्या एफएमसाठी एवढा खटाटोप कशाला?

कारण हे सेट बनत होते तेव्हा तिकडच्या शहरांत एफएम 'साधे' नव्हतेच. चांगले संगीत चांगल्या आवाजात ऐकायचे तर तिथेच. हे कसे घडले ते बोस्टनच्या एका स्टेशनवरून नीट कळते. त्याचे नाव डब्ल्यूबीसीएन, डायलवरची जागा १०४.१.

हे स्टेशन १९५८ मध्ये सुरू झाले ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी. मालक मिचेल हेस्टिंग्ज स्वतः इंजिनिअर, एफएमवर जीव असलेला माणूस. पण तेव्हा लोकांकडे एफएमचे सेट कमी, गाड्यांमध्ये तर जवळजवळ नाहीतच. १९६१ मध्ये अमेरिकन सरकारने स्टिरिओ एफएमला परवानगी दिली, आवाज आणखी सुधारला, तरी जाहिराती मिळेनात.

तिकडे एएमवर रॉक जोरात होते, पण कसे? तीन मिनिटांची हिट गाणी, मधेमधे जिंगल आणि आरडाओरडा करणारे निवेदक. साध्या एएम सेटमधून साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज ऐकूच येत नाही, म्हणजे झांजेची चमक गेली. एफएम १५ किलोहर्ट्‌झपर्यंत जाते, आणि विजेच्या कडकडाटाची खरखरही त्यात फारशी शिरत नाही. शिवाय साठच्या दशकाच्या अखेरीस बँड अख्ख्या एलपीचा (लाँग-प्ले रेकॉर्डचा) विचार करून संगीत रचू लागले होते. वीस मिनिटांची एक बाजू वाजवायला एएमवर जागाच नव्हती.

१९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू यांनी केएमपीएक्स या एफएम स्टेशनवर एलपीमधली गाणी लावायला सुरुवात केली होती. बोस्टनमध्ये रे रीपन नावाचे वकील 'बोस्टन टी पार्टी' हा संगीताचा हॉल चालवत. पोरे कोणते संगीत ऐकायला गर्दी करतात, हे त्यांना रोज दिसत होते. त्यांनी हेस्टिंग्ज यांना गळ घातली: निदान रात्रीचे तास तरी द्या. १५ मार्च १९६८ च्या रात्री १० वाजता निवेदक जो रॉजर्स यांनी क्रीम या ब्रिटिश बँडचे गाणे लावले. काही महिन्यांतच दिवसाचे प्रक्षेपणही रॉकच्या ताब्यात गेले. शास्त्रीय संगीताच्या जुन्या श्रोत्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

कोणते गाणे लावायचे हे सुरुवातीला निवेदकच ठरवत. ब्लूज, जॅझ, लोकसंगीत, सगळे एकापाठोपाठ एक. रात्रीच्या पाळीला पीटर वुल्फ बसत, जे पुढे जे. गाइल्स बँडचे गायक म्हणून गाजले. जे. जे. जॅक्सन इथे होते, तेच १९८१ मध्ये एमटीव्हीच्या पहिल्या निवेदकांपैकी एक झाले. डॅनी शेक्टर बातम्या देत, त्याही व्हिएतनाम युद्धाच्या काळात आणि सरकारला न घाबरता. (आपल्याकडच्या खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही, हे जाता जाता.) श्रोत्यांसाठी एक फोन लाइन होती. त्यावर लोक गाण्याचे नाव तर विचारतच, पण बाकी वाट्टेल तेही विचारत.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट मात्र वेगळीच. त्या काळात हाय-फायचे (उत्तम आवाजाच्या सेटचे) कारखाने बोस्टनच्याच आसपास होते. अकूस्टिक रिसर्च, केएलएच आणि अ‍ॅडव्हेंट केंब्रिजमध्ये, बोस फ्रेमिंगहॅममध्ये, ट्यूनरसाठी नावाजलेली एच. एच. स्कॉट मेनार्डमध्ये. बोसचे ९०१ स्पीकर बाजारात आले ते १९६८ मध्येच. शहर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी भरलेले, स्टेशन रात्रभर एलपी वाजवतेय, आणि चांगला सेट घेतला की तो आवाज फुकट घरात. आमच्या मते ट्यूनरवर एवढा खर्च करणे कंपन्यांना परवडले ते अशा स्टेशनांमुळे. तुमचा सेट जपानी असला तरी तो याच गिऱ्हाइकासाठी बनला होता.

१९७९ मध्ये स्टेशन विकले गेले. नव्या मालकांनी आल्या आल्या १९ जणांना घरी पाठवले. युनियनने संप पुकारला, श्रोते बाजूने उभे राहिले, काही जाहिरातदारांनीही पाठ फिरवली. सुमारे तीन आठवड्यांत मालकांना माघार घ्यावी लागली आणि काढलेली माणसे परत आली. रेडिओच्या इतिहासात असे फार घडत नाही.

पुढे मात्र पैशाचे गणित बदलले. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशने ठेवावीत यावरची मर्यादा उठवली. त्याच वर्षी चार्ल्स लॅक्विडारा यांचा लोकप्रिय स्थानिक सकाळचा कार्यक्रम दुसऱ्या स्टेशनवर गेला आणि त्या जागी न्यूयॉर्कहून येणारा हॉवर्ड स्टर्न यांचा कार्यक्रम बसला. आमच्या मते स्टेशनचे बोस्टनपण तिथेच संपत आले. ऑगस्ट २००९ मध्ये डब्ल्यूबीसीएन १०४.१ वरून उतरले आणि ती जागा त्याच कंपनीच्या दुसऱ्या स्टेशनला मिळाली.

आता तुमच्या सेटविषयी. अमेरिकन सेट १२० व्होल्टचा असतो. मागे व्होल्टेज बदलण्याची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय पिन भिंतीत घालू नका. रिसीव्हरला (तिकडच्या ६० ऐवजी) आपल्या ५० हर्ट्‌झचा सहसा त्रास होत नाही, पण सोबत मेनच्या हर्ट्‌झवर फिरणारी जुनी तबकडी (टर्नटेबल) आणली असेल तर ती मंद फिरेल आणि गायिकेचा गायक होईल.

आवाज थोडा दबलेला वाटला तर सेट बिघडला असे समजू नका. प्रक्षेपणात आवाजाचा उंच पट्टीचा भाग मुद्दाम वाढवून पाठवतात आणि सेट तो पुन्हा खाली दाबतो. अमेरिकेत हे ७५ मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने करतात, आपल्याकडे ५० च्या. अमेरिकन सेट तो जास्तच खाली दाबतो. बहुतेक सेटमध्ये दोन कपॅसिटर बदलले की काम होते. सांगितल्यास आम्ही ते करून देतो.

आकडे दाखवणारा नंतरचा डिजिटल सेट असेल तर आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत स्टेशने ९३.५, ९८.३ अशा विषम दशांशांवरच असतात, म्हणून ट्यूनरही तेवढ्याच पायऱ्या चढतो. पुण्याची विविध भारती १०१.० वर आहे. तुमचा सेट १००.९ वर नाहीतर १०१.१ वर थांबेल. काही मॉडेलांना मागे यासाठी बटण असते, आधी ते पाहा. सुईच्या डायलवाल्यांना ही कटकट नाही: सिग्नलच्या मीटरची सुई जिथे सर्वांत वर जाईल तिथे थांबा. लाल दिवा लागला म्हणजे स्टेशनबरोबर येणारा १९ किलोहर्ट्‌झचा पायलट (स्टिरिओची खूण सांगणारा संकेत) सेटला सापडला, आवाज स्टिरिओ आहे. दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा अँटेनाचा. टी आकाराची पट्टीसारखी वायर, म्हणजेच अँटेना, पिशवीत वेगळी ठेवली आहे. ती पॅकिंग समजून टाकू नका.