प्रतिस्पर्धी पोपांनी नेमलेले कार्डिनल : पार्श्वभूमी

कार्डिनल म्हणजे पोपने नेमलेले, पोपच्या खालोखालचे वरिष्ठ धर्माधिकारी. मध्ययुगीन कार्डिनलांच्या याद्यांत काही नावे वेगळी काढलेली असतात. त्यांना ‘छद्म-कार्डिनल’ म्हणतात. त्यांना नेमणारा पोप पुढे अधिकृत परंपरेबाहेर ठरला, एवढ्यावरून हा शिक्का बसला. पण हयातीत युरोपातली अनेक राज्ये त्यांना खरेच कार्डिनल मानत होती, आणि १४१७ साली एकाच वेळी अनेक पोप असण्याची चर्चमधली फूट मिटवण्यात त्यांच्यापैकी अनेकांचा मोठा वाटा होता.

१०५९ च्या फर्मानाने पोप निवडण्यात कार्डिनलांना, त्यातही आधी कार्डिनल-बिशपांना (कार्डिनलांतल्या सर्वांत वरच्या श्रेणीला), निर्णायक स्थान दिले. त्यानंतर पोपपदावर दावा सांगणाऱ्याला स्वतःचे कार्डिनल असणे गरजेचे झाले, कारण दावेदार मेला तरी त्याचे कार्डिनल पुढचा पोप निवडू शकत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या पाठिंब्यावर ११५९ पासून एकामागून एक तिघांनी अलेक्झांडर तिसऱ्याला आव्हान दिले. तो वाद मिटल्यावर ११७९ च्या लॅटरन परिषदेने (रोममधल्या लॅटरन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने) दोन-तृतीयांश मतांचा नियम केला.

हरलेल्या बाजूला त्या काळी दया मिळत नसे. ११३९ च्या लॅटरन परिषदेत इनोसन्ट दुसऱ्याने दिवंगत प्रतिस्पर्धी आनाक्लेटसच्या माणसांची पदे काढून घेतली. पिसाचा पीटर हा कार्डिनल दोन वर्षे आधीच बाजू सोडून इनोसन्टकडे आला होता, तरी त्याचेही पद गेले. त्याला वळवणाऱ्या क्लेअरव्होच्या बर्नार्डने याबद्दल पोपला कडक शब्दांत पत्र लिहिले.

१३७८ ची फूट मात्र वेगळ्या जातीची होती. आधीच्या बहुतेक वेळी कार्डिनलांतच दोन तट पडत किंवा सम्राट आपला माणूस पुढे करी. या वेळी एकाच कार्डिनलमंडळाने दोन पोप निवडले. एप्रिलमध्ये रोममध्ये १६ कार्डिनल जमले होते : ११ फ्रेंच, ४ इटालियन, १ स्पॅनिश. बाहेर जमाव ‘रोमचा, निदान इटलीचा तरी पोप द्या’ म्हणून ओरडत होता. बारीचा आर्चबिशप अर्बन सहावा झाला. त्याचा संतापी स्वभाव दिसल्यावर कार्डिनल एकेक करून बाहेर पडले, निवड दहशतीखाली झाली असे त्यांनी जाहीर केले आणि २० सप्टेंबरला फोन्दी येथे क्लेमेंट सातव्याला निवडले. तिघे इटालियन मतदानात उतरले नाहीत, पण त्यांनी विरोधही केला नाही. अर्बनजवळ जुना एकही कार्डिनल उरला नाही. त्याच महिन्यात त्याने दोन डझनांच्या आसपास नवे नेमले. क्लेमेंट पुढच्या वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंला गेला आणि त्यानेही नेमणुका सुरू ठेवल्या. फ्रान्स, स्कॉटलंड आणि पुढे कॅस्टील व आरागॉन आविन्योंकडे गेले. इंग्लंड, हंगेरी आणि जर्मन मुलखाचा मोठा भाग रोमकडे राहिला.

बाजू बदलणे सोपे होते. पिलेओ दा प्राताला अर्बनने कार्डिनल केले. १३८७ मध्ये त्याने पावियात कार्डिनलपदाची खूण असलेली आपली लाल टोपी जाहीरपणे जाळली आणि क्लेमेंटकडून दुसरी घेतली. अर्बननंतरच्या बोनिफेस नवव्याने त्याला परत स्वीकारले. ‘तीन टोप्यांचा कार्डिनल’ हे नाव त्यावरून पडले. अर्बनच्या हाती सापडलेल्यांची गत मात्र भयंकर होती. १३८५ मध्ये कटाच्या संशयावरून त्याने आपल्याच सहा कार्डिनलांना पकडून त्यांचा छळ केला. पाच जण जिवंत सुटले नाहीत. सहावा इंग्रज होता. त्याच्यासाठी इंग्लंडच्या राजाने रदबदली केली.

१४०६ मध्ये रोमच्या बाजूने निवडून आलेल्या ग्रेगरी बाराव्याने विरोधी बाजूशी संख्या जुळवण्यापलीकडे नवे कार्डिनल नेमणार नाही असे वचन दिले होते. मे १४०८ मध्ये लुका येथे त्याने चौघे नेमले, त्यांत दोन पुतणे-भाचे. त्याचे बहुतेक कार्डिनल त्याला सोडून गेले आणि आविन्योंच्या कार्डिनलांना जाऊन मिळाले. दोन्ही गटांनी मिळून १४०९ मध्ये पिसाला धर्मपरिषद भरवली, दोन्ही पोपांना पदच्युत केले आणि तिसरा निवडला. आधीचे दोघे हटले नाहीत, त्यामुळे पोप तीन झाले.

कॉन्स्टन्सच्या परिषदेने (१४१४–१८) जो निर्णय घेतला, त्यावर आजही वाद होतो. तिथे आलेल्या कार्डिनलांना रोम, आविन्यों आणि पिसा अशा तिन्ही परंपरांतून टोप्या मिळाल्या होत्या. परिषदेने खऱ्या-खोट्याची छाननी केली नाही, सगळ्यांना कार्डिनल म्हणूनच बसवले. माझ्या मते दुसरा मार्गच नव्हता. एकच परंपरा खरी ठरवली असती, तर चाळीस वर्षांतले बिशप, वतने आणि विवाहाच्या सवलती अर्ध्या युरोपात रद्द ठरल्या असत्या. आपले बिशप बनावट होते हे कुठल्याही राजाने मान्य केले नसते.

रोमच्या बाजूने नेहमी एक मुद्दा येतो : ४ जुलै १४१५ रोजी राजीनाम्याआधी ग्रेगरीच्या प्रतिनिधीने परिषद नव्याने बोलावल्याचे जाहीर केले आणि परिषदेने ते ऐकून घेतले, म्हणजे तिने ग्रेगरीलाच खरा पोप मानले. हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे. वयोवृद्ध ग्रेगरी मानाने बाजूला होत होता आणि परिषदेचे त्यात काही जात नव्हते. तोच एकटा खरा असेल तर पिएर दाय्यी, झाबारेल्ला, फिलास्त्र हे परिषदेचे मुख्य विचारवंत कार्डिनल ठरतच नाहीत, कारण तिघांनाही १४११ मध्ये पिसा परंपरेचा पोप जॉन तेविसावा याने नेमले होते. ११ नोव्हेंबर १४१७ रोजी २३ कार्डिनल आणि पाच ‘राष्ट्रां’चे (परिषदेतल्या प्रदेशवार गटांचे) प्रत्येकी सहा, अशा ५३ जणांनी ज्याला मार्टिन पाचवा म्हणून निवडले, तो ओदोने कोलोन्नाही ग्रेगरीला सोडून पिसाला गेलेलाच होता. जॉन तेविसावा हे नाव १९५८ मध्ये दुसऱ्या पोपने घेतले, तेव्हा पिसाच्या जॉनला परंपरेबाहेर धरल्याचे उघड झाले. त्याच्या कार्डिनलांवरचा शिक्काही अशा उशिराच्या हिशेबाचा आहे.

आविन्योंचा बेनेडिक्ट तेरावा स्पेनमधल्या पेनिस्कोलाच्या किल्ल्यात अडून बसला. मरण्यापूर्वी त्याने चार कार्डिनल नेमले. तिघांनी एक वारस निवडला, चौथ्याने स्वतंत्रपणे दुसराच केला. तिघांच्या वारसाने १४२९ मध्ये पद सोडले, तेव्हा त्याच्या उरलेल्या कार्डिनलांनी घरी जाण्याआधी मार्टिनचीच रीतसर ‘निवड’ करून दाखवली.

ग्रेगरीने लुकाला नेमलेल्या पुतण्या-भाच्यांपैकी एक १४३१ मध्ये युजीन चौथा झाला. त्याच्याशी भांडलेल्या बाझेलच्या परिषदेने १४३९ मध्ये फेलिक्स पाचवा उभा केला. त्याच्या निवडीत कार्डिनल एकच होता. फेलिक्सने १४४९ मध्ये पद सोडले. निकोलस पाचव्याने त्याला कार्डिनल-बिशप केले आणि त्याच्या तीन कार्डिनलांना डिसेंबरमध्ये स्वतः नव्याने नेमले.