डिनेरियस (रोमन चांदीची नाणी) जमवणं

डिनेरियस म्हणजे प्राचीन रोमचं रोजच्या व्यवहारातलं चांदीचं नाणं. इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना सुरू झालं आणि पुढे साडेचारशे वर्षं चाललं. इतकं प्रचंड पाडलं गेलंय की आजही झिजलेला पीस सोन्याच्या नाण्यांपेक्षा खूप स्वस्तात मिळतो, म्हणून बरेच जण इथूनच सुरुवात करतात.

आकार जवळपास आपल्या ५० पैशांच्या नाण्याएवढा, पण जाडी सगळीकडे सारखी नाही, हातोड्याने ठोकून पाडलेलं, त्यामुळे ठसा सरकलेला असतो आणि कधीकधी सम्राटाचं नाकच कडेबाहेर गेलेलं असतं. खरी गंमत चांदीत आहे. पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात जवळजवळ शुद्ध, मग इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने वजनही कापलं आणि चांदीही, पुढचा एक सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने तर ती निम्म्यावर आणली.

रोमन सेनापती मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये सैन्याच्या पगारासाठी पाडलेली नाणी मला सगळ्यात आवडतात. छाप्यावर जहाज, काट्यावर गरुड आणि लीजनचा (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) नंबर. चांदी कमी कसाची, म्हणून लोक चांगली नाणी घरात दाबून ठेवायचे आणि ही खपवायचे, त्यामुळे ती वर्षानुवर्षं फिरत राहिली आणि आज बऱ्याचदा नुसती वल्हीच दिसतात.

खोटी तेव्हाही होती, आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा (ही जमवणारेही आहेत!). आजची ओतीव नक्कल असेल तर कडेला सांध्याची रेघ दिसते का बघायचं. आणि दिवाळीला भांडी घासतो तसं टूथपेस्ट लावून घासू नका प्लीज, जुनी चांदी ठिसूळ होते, हातातून पडली तरी तुकडा उडू शकतो.

भारतात ही नाणी मिरीच्या व्यापारातून आली, कोइम्बतूर भागात ऑगस्टस आणि टायबेरियसच्या डिनेरियसचे साठेच सापडलेत, आणि आपला 'दीनार' शब्दही ह्याच नावावरून आलाय. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात गुप्तधन म्हणून सापडलं तर १८७८ चा कायदा लागतो, किंमत १० रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवावंच लागतं. हो, दहाच रुपये.