पिट्सबर्ग पायरेट्स : मायनर लीगमधील होतकरू खेळाडूंचे मूल्यमापन

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक मेजर लीग संघाच्या हाताखाली कनिष्ठ संघांची एक उतरंड असते. तिला मायनर लीग किंवा फार्म म्हणतात. तिथे घडणाऱ्या खेळाडूंपैकी कोण मुख्य संघात पोचेल, पोचल्यावर किती टिकेल आणि किती उपयोगी पडेल, याचा पद्धतशीर अंदाज बांधणे म्हणजे प्रॉस्पेक्ट मूल्यमापन. ज्याच्या नावावर मेजर लीगमध्ये अजून १३०हून जास्त ॲट-बॅट (फलंदाजीच्या पाळ्या) किंवा ५०हून जास्त डावांची पिचिंग (चेंडूफेक) जमा झालेली नाही, अशा खेळाडूला सर्वसाधारणपणे प्रॉस्पेक्ट मानतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग पायरेट्स या जुन्या संघाचे उदाहरण या विषयासाठी विशेष बोलके आहे. या संघाचे बरेवाईट दिवस गेली कित्येक दशके याच अंदाजांवर ठरत आले आहेत.

मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचे संघ तयार खेळाडू विकत घेऊ शकतात. पिट्सबर्गसारख्या छोट्या बाजारपेठेतल्या संघाला ते झेपत नाही. मात्र मुख्य संघात नव्याने आलेला खेळाडू साधारण सहा वर्षांच्या सेवेपर्यंत संघाशी बांधलेला असतो आणि त्यातली पहिली तीन वर्षे तो बहुधा किमान वेतनाच्या आसपास खेळतो. २०२४ मध्ये हे किमान वेतन ७,४०,००० डॉलर होते. त्याच वेळी बाजारातून घेतलेल्या नामवंत खेळाडूसाठी वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर मोजावे लागत होते. म्हणून योग्य पोरगा वेळेत हेरणे हीच गरीब संघाची खरी कमाई. पायरेट्सने १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त ठेवली. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब पडझड दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नव्हती. ती २०१३ मध्ये थांबली, तेव्हा संघाचा कणा अँड्र्यू मॅककचन होता. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, अकराव्या क्रमांकावर निवडलेला आणि याच उतरंडीतून वर आलेला हा खेळाडू २०१३ मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

भारतीय वाचकाला रणजी करंडकातून कसोटी संघाकडे जाणारी वाट परिचित आहे, पण इथली रचना वेगळी आहे. मायनर लीगमधला खेळाडू पहिल्या दिवसापासून वरच्या संघाचाच करारबद्ध असतो. पायरेट्सची सर्वांत खालची पायरी डोमिनिकन प्रजासत्ताकातील एल तोरो येथील अकादमीत आहे आणि त्यावरची फ्लोरिडातील ब्रेडेंटनच्या सराव संकुलात. पुढे ब्रेडेंटन मरॉडर्स, ग्रीन्सबरो ग्रासहॉपर्स, अल्टूना कर्व्ह आणि शेवटी ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या दर्जाचा इंडियानापोलिस इंडियन्स असा प्रवास असतो. २०२१ मध्ये मेजर लीगने संपूर्ण रचना हातात घेतली आणि संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. वर जाण्याच्या जागा तेवढ्या कमी झाल्या.

२० ते ८० ची मोजपट्टी

स्काउट म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस. तो प्रत्येक कौशल्याला २० ते ८० च्या दरम्यान दर्जा देतो. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. तत्त्वतः दर दहा गुण म्हणजे एक प्रमाण विचलन, त्यामुळे ७० विरळा आणि ८० पिढीत मोजक्यांनाच. या मोजपट्टीचे श्रेय सहसा ब्रँच रिकी यांना देतात. सेंट लुईसमध्ये असताना फार्मची कल्पना रुजवणारे आणि ब्रुकलिनमध्ये जॅकी रॉबिन्सन या आधुनिक मेजर लीगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध करणारे हे प्रशासक १९५० ते १९५५ पायरेट्सचे सरव्यवस्थापक होते.

फलंदाजाची पाच अंगे तपासतात : चेंडू बॅटवर घेण्याची हातोटी, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. पिचरच्या बाबतीत प्रत्येक प्रकारच्या चेंडूला वेगळा दर्जा असतो आणि नियंत्रणाला आणखी वेगळा. काही अंगे घड्याळावर मोजता येतात. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज चेंडू मारून ९० फुटांवरच्या पहिल्या बेसवर (धावपट्टीच्या पहिल्या थांब्यावर) ४.३ सेकंदांत पोचला, तर त्याची धाव ५० ची, ४.० सेकंदांत पोचला तर ८० ची. डावखुरा बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो, म्हणून त्याच्यासाठी हेच आकडे दशांश सेकंदाने कडक होतात.

सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे अंग म्हणजे चेंडू बॅटवर घेण्याची हातोटी. ताकद सरावाच्या फटक्यांत दिसते, फेक एका दुपारी कळते. पण ताशी १५० किलोमीटरने येणारा चेंडू सरळ आहे की वळणार आहे, हे ओळखायला फलंदाजाजवळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ असतो, आणि ही ओळख शालेय पिचरांविरुद्ध कसाला लागतच नाही. म्हणून प्रत्येक अंगाला दोन दर्जे देतात, आजचा आणि उद्याचा. अठरा वर्षांच्या मुलाची फलंदाजी आज ३० ची आणि पुढे ५५ ची लिहिली जाते. या दोन आकड्यांमधल्या अंतरातच स्काउटचा सगळा अनुभव पणाला लागतो : मुलाची चण अजून भरणार आहे का, मनगटे किती चपळ आहेत, चुकलेल्या चेंडूनंतर तो पुढच्या चेंडूला काय बदल करतो.

आकडे कसे वाचावेत

मायनर लीगमधले आकडे जसेच्या तसे घेतले तर हमखास फसगत होते. पहिला प्रश्न वयाचा. अल्टूना ट्रिपल-एखालच्या ज्या डबल-ए दर्जावर खेळतो, तिथले बहुतेक खेळाडू बावीस ते पंचविशीतले असतात. तिथे एकोणीस वर्षांच्या मुलाने नुसता तग धरला, तरी पंचविशीतल्या खेळाडूच्या देखण्या सरासरीपेक्षा ते मोलाचे. दुसरा प्रश्न मैदानाचा. ग्रीन्सबरोचे मैदान फलंदाजांना धार्जिणे आहे, त्यामुळे तिथल्या होम रनची (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्यांची) संख्या सावधपणे वाचावी लागते. खेळपट्टी पाहिल्याशिवाय क्रिकेटमधले शतक जोखता येत नाही, तसेच हे आहे.

सरासरीपेक्षा लवकर स्थिरावणारे आणि म्हणून जास्त विश्वासार्ह आकडे म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद होणे) आणि वॉक (चार भरकटलेल्या चेंडूंमुळे पहिला बेस फुकट मिळणे) यांचे प्रमाण. त्यात आता मोजयंत्रांची भर पडली आहे. क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयांमुळे परिचित झालेली हॉक-आय यंत्रणा बेसबॉलमध्ये चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, पिचरच्या हातून निघताना किती फिरला, हे सांगते. ट्रिपल-ए दर्जावरची, तसेच ब्रेडेंटन ज्या फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये खेळतो तिथली ही माहिती सर्वांसाठी खुली आहे.

यंत्र ताकद मोजते, तिचा उपयोग मात्र मोजत नाही. ओनील क्रूझ हा ६ फूट ७ इंच उंचीचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) २०१७ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पायरेट्सकडे आला. इतका उंच माणूस या जागी टिकेल का, हा प्रश्न त्याच्याबद्दलच्या प्रत्येक टिपणात होता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने मारलेला चेंडू ताशी १२२.४ मैल, म्हणजे सुमारे १९७ किलोमीटर वेगाने सुटला. २०१५ पासूनच्या मोजणीतला तो तेव्हाचा उच्चांक होता. तरी स्ट्राइकआउटचे दुखणे गेले नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला शॉर्टस्टॉपवरून मध्य-मैदानात हलवावे लागले. स्काउटांची जुनी शंका आणि त्यांचे कौतुक, दोन्ही खरे ठरले.

पिचरांबद्दलचा अंदाज तर नेहमीच डळमळीत असतो, कारण कोपराच्या अस्थिबंधाचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. २०१० च्या ड्राफ्टमध्ये पायरेट्सने दुसऱ्या क्रमांकावर शालेय पिचर जेमिसन टायोन याला निवडले. त्याच्या आधी ब्राइस हार्पर गेला होता आणि लगेच नंतर मॅनी मचाडो गेला, दोघेही फलंदाज. मचाडो २०१२ मध्ये, विसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये उतरला. टायोनला कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर जून २०१६ उजाडावा लागला. त्याच्या गुणांचे मोजमाप चुकले होते असे म्हणता येत नाही. जोखमीचे वजन कमी धरले गेले.

हातातून निसटलेले आणि हाती लागलेले

या विषयातला सर्वांत मनोहर प्रसंग १९५४ चा आहे. ब्रुकलिन डॉजर्सने पोर्तो रिकोच्या रोबेर्तो क्लेमेंटे याला १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले आणि मॉन्ट्रियलच्या कनिष्ठ संघात ठेवले. तेव्हाच्या नियमानुसार ४,००० डॉलरहून जास्त बोनस घेतलेला खेळाडू मुख्य संघात नसेल, तर इतर संघांना तो उचलता येई. पायरेट्सचे क्लाइड सुकफोर्थ रिचमंडला मॉन्ट्रियलच्याच दुसऱ्या एका पिचरला पाहायला गेले होते. सामन्यापूर्वीच्या सरावात त्यांनी क्लेमेंटेची फेक पाहिली. शेवटच्या स्थानी राहिल्यामुळे पायरेट्सना पहिली निवड मिळणार होती. ती त्यांनी क्लेमेंटेवर खर्च केली आणि मोजले अवघे ४,००० डॉलर. त्याने पिट्सबर्गसाठी बरोबर ३,००० हिट्स (चेंडू मारून बेस गाठणारे फटके) काढले आणि क्षेत्ररक्षणाचे १२ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. कनिष्ठ संघातल्या आकड्यांवरून ही निवड कोणी केली नसती, कारण त्याला तिथे नियमित खेळवलेच जात नव्हते.

याच प्रकारच्या निवडीला आज रूल ५ ड्राफ्ट म्हणतात. ठरावीक वर्षे मायनर लीगमध्ये काढलेला खेळाडू संघाने आपल्या ४० जणांच्या यादीत घेतला नाही, तर दुसरा संघ त्याला नेऊ शकतो. म्हणजे स्वतःच्या मुलांबद्दलचा अंदाजही दरवर्षी कसाला लागतो. डिसेंबर २००३ मध्ये पहिल्या सहा निवडींपैकी पाच जण पायरेट्सचे गेले. एखाद्या संघाने आपलेच माणूसबळ इतके कमी जोखल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. त्या पाचांत होसे बतिस्ता होता. चार संघांतून फिरून तो २००४ मध्ये पुन्हा पिट्सबर्गलाच आला, २००८ मध्ये त्याला टोरोंटोकडे जाऊ दिले गेले, आणि फटक्याची लय बदलल्यावर २०१० मध्ये त्याने ५४ होम रन मारले.

इथे मूल्यमापनाचा गाभा उघडा पडतो. खेळाडू किती चांगला होईल, याचे उत्तर तो कोणाच्या हाताखाली वाढतो यावर निम्मे अवलंबून असते, आणि प्रॉस्पेक्टच्या बहुतेक याद्या हा निम्मा भाग सोडून देतात. २०११ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू गेरिट कोल पिट्सबर्गमध्ये उत्तम होता, पण २०१७ मध्ये घसरला. जानेवारी २०१८ मध्ये तो ह्यूस्टनला गेला, सिंकर (शेवटी खाली बुडणारा वेगवान चेंडू) कमी करून वरच्या पट्ट्यात वेगवान चेंडू टाकू लागला आणि २०१९ मध्ये त्याने ३२६ फलंदाज स्ट्राइकआउट केले. टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ हे तिघे २०१८ मध्ये ख्रिस आर्चर या पिचरच्या बदल्यात टँपा बे संघाला देण्यात आले. ग्लासनाऊ तिथे जाताच बहरला. या तिघांना हेरणाऱ्या स्काउटांचे काही चुकले नव्हते. हेरलेले गुण वापरण्याची रीत संघाजवळ नव्हती.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ड्राफ्टसाठी प्रथमच सोडत झाली, पहिला क्रमांक पायरेट्सना मिळाला आणि २०२३ मध्ये त्यांनी लुइझियाना राज्य विद्यापीठाचा पिचर पॉल स्कीन्स निवडला. ९२ लाख डॉलरचा त्याचा बोनस ड्राफ्टमधला तोपर्यंतचा विक्रम होता. ताशी १०० मैलांचा त्याचा वेग सगळ्यांच्या टिपणांत होता. पण सिंकर आणि स्प्लिटर (बोटे फाकवून टाकलेला चेंडू) यांच्या मधला, 'स्प्लिंकर' म्हणून गाजलेला त्याचा चेंडू ड्राफ्टच्या वेळी अस्तित्वातच नव्हता. तो व्यावसायिक झाल्यावर घडला. ११ मे २०२४ रोजी पदार्पण करून त्याने १.९६ च्या सरासरीने (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित हा मान मिळवला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार.

पायरेट्सच्या इतिहासात भारताचाही एक छोटा अध्याय आहे. २००८ मध्ये भारतात वेगवान फेकीची एक स्पर्धा झाली. तीतून पुढे आलेल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना पायरेट्सने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करारबद्ध केले. दोघांनी त्याआधी बेसबॉल खेळलेला नव्हता. फेक हे एकच अंग पाहून, बाकी सारे शिकवता येईल या आशेवर केलेली ही निवड होती. दोघेही २००९ मध्ये ब्रेडेंटनच्या नवशिक्या संघातून खेळले. पटेल २०१० च्या अखेरीस मोकळा झाला. सिंग पुढच्या दर्जापर्यंत पोचला, पण दुखापतींनी त्याची वाट अडवली. कधीही न खेळलेल्या मुलांनी पगारी पिचर होणे हेच मुळात मोठे यश होते.

याद्या आणि त्यांचे वजन

संघांची अंतर्गत टिपणे गुप्त असतात. लोकांसमोर येतात त्या नियतकालिकांच्या याद्या. १९८१ मध्ये सुरू झालेले बेसबॉल अमेरिका १९९० पासून देशातील पहिल्या शंभर प्रॉस्पेक्टची यादी काढते. मेजर लीगचे स्वतःचे संकेतस्थळ प्रत्येक संघाच्या पहिल्या तीस जणांची यादी देते. या याद्यांत एकाच आकड्यात दोन गोष्टी मिसळतात : खेळाडू कमाल किती उंची गाठेल आणि तो मुळात पोचण्याची शक्यता किती. काही विश्लेषक म्हणून जोखीम वेगळी लिहितात, आणि तेच अधिक प्रामाणिक वाटते.

कॉनर ग्रिफिन हे ताजे उदाहरण. मिसिसिपीतल्या शाळेतून २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेल्या या मुलाची ताकद, धाव आणि फेक वादातीत होती. शंका होती ती नेमकी चेंडू बॅटवर येण्याबद्दल. २०२५ च्या हंगामात तो ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो आणि अल्टूना अशा तीन पायऱ्या चढला, .३३३ च्या सरासरीने खेळला, २१ होम रन मारले, ६५ बेस चोरले (फटका न बसताच पुढच्या बेसवर धाव घेतली). तेव्हा तो १९ वर्षांचा होता. शंकेचे अंग सर्वांत आधी भक्कम निघाले, आणि वर्षअखेरीस तो देशभरातल्या याद्यांच्या शिखरावर होता.

मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या कामगार करारापासून या याद्यांना औपचारिक वजन आले आहे. ठरलेल्या तीनपैकी किमान दोन याद्यांच्या पहिल्या शंभरात असलेला नवोदित संघाने हंगामाच्या सुरुवातीपासून खेळवला आणि तो पुढे मोठ्या पुरस्कारापर्यंत पोचला, तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. सहा वर्षांच्या सेवेची मोजणी उशिरा सुरू व्हावी म्हणून तयार खेळाडूला खालीच अडकवून ठेवण्याची सवय मोडावी, हा हेतू. याच कराराच्या आणखी एका कलमानुसार, सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. स्कीन्स मे महिन्यात वर आला होता, तरी २०२४ चे वर्ष त्याच्या खात्यावर पूर्ण धरले गेले.